गीझरचा पाइप कुठाय?

भाड्याचा फ्लॅट बघायला जाताना आपल्या सगळ्यांची एक चेकलिस्ट ठरलेली असते. स्टेशनपासून चालत किती मिनिटं, पाणी किती वाजता येतं, इंटरनेट कुणाचं, बाइक कुठे लावायची आणि घरमालक ‘रात्री किती वाजेपर्यंत येता?’ असं विचारणाऱ्यातला आहे का. बाथरूममध्ये आपण डोकावतो, टाइल्स बघतो, फार तर फ्लश ओढून बघतो. भिंतीवरच्या पांढऱ्या डब्याकडे बोट दाखवून ब्रोकर म्हणतो, ‘गॅस गीझर आहे, लाइट बिल वाचतं.’ आपण मान डोलावतो. डील डन!

या आठवड्याचा कॉलम त्या पांढऱ्या डब्याबद्दल आहे. त्याच्या पोटात पाणी तापतं हे आपल्याला ठाऊक असतं. पण ते तापवायला तिथे चक्क आग पेटते, हे शॉवरखाली गाणी म्हणताना कुणाच्या लक्षात राहत नाही. आणि आग पेटली की दोन प्रश्न आलेच. तिला हवा कुठून मिळते? आणि जळून जे उरतं ते जातं कुठे?

रोहा कॉलिंग

माझी मामेबहीण केमिकल इंजिनीअर. धाटावच्या एमआयडीसीत एका कंपनीत ट्रेनी म्हणून लागली आणि रोह्यात दोन मैत्रिणींबरोबर फ्लॅट घेऊन राहायला लागली. तुमच्यापैकी जे पावसाळ्यात कोलाडला राफ्टिंगला जातात, ते धाटावच्या अगदी जवळून जातात, फक्त त्यांना पत्ता नसतो. कोलाडला मुंबई-गोवा हायवे सोडून रोह्याच्या रस्त्याला लागलं की वाटेत धाटाव. कुंडलिकेच्या काठचं गाव, आणि शेजारी रंगद्रव्यांपासून औषधांच्या कच्च्या मालापर्यंत बरंच काही बनवणाऱ्या केमिकल कारखान्यांची वसाहत.

एका रविवारी तिचा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. बाथरूमच्या भिंतीवर गॅस गीझर, खाली मेसेज : ‘ताई, रूममेटला अंघोळीनंतर रोज गरगरतं. डॉक्टर म्हणाले बीपी लो असेल, नाश्ता करून अंघोळ कर. घरमालक काकांना मला गीझरचा संशय आहे असं सांगितलं, तर ते म्हणाले काळजी करू नका, प्लंबरला सांगून पाइप लावून देतो. हा बघ पाइप.’ दुसरा फोटो : जिन्यात भिंतीला टेकवून ठेवलेला करडा पीव्हीसी पाइप, दोन एल्बो आणि सोल्युशनचा छोटा डबा.

फॅमिली ग्रुपवर हे पडल्याबरोबर तिचा कॅनडातला भाऊ जागा झाला. तो मिसिसागाला असतो. त्याने आपल्या बेसमेंटचा फोटो टाकला. घर गरम करणारी गॅसची भट्टी, म्हणजे त्यांचा ‘फर्नेस’, आणि तिच्यातून निघून भिंतीबाहेर गेलेले दोन पांढरे प्लास्टिकचे पाइप. ‘अगं, आमच्याकडे पण प्लास्टिकच असतं. चिल!’

झालं! काका बरोबर, कॅनडा बरोबर आणि रूममेट मात्र रोज गरगरतेय. मास कॉमच्या दोन वर्षांत आम्हाला पाइप शिकवत नाहीत. पण प्रश्न विचारायला नक्की शिकवतात. मी शुक्रवारी रात्री बॅग भरली आणि शनिवारी सकाळी रोह्याला उतरले.

बाथरूमचा हिशोब

जाण्याआधी एक साधं गणित केलं. तुम्हीही करा, मोबाइलवर होतं.

छोटा गॅस गीझर मिनिटाला साधारण ५ लिटर पाणी देतो. ते २५ अंशांनी तापवायचं तर त्याची आग घरातल्या शेगडीच्या चार-पाच बर्नरएवढी असावी लागते. तासाला साधारण ८०० ग्रॅम एलपीजी. पंधरा मिनिटांची अंघोळ म्हणजे २०० ग्रॅम. एक किलो एलपीजी पूर्ण जळायला १२ ते १३ घनमीटर हवा लागते, म्हणजे आपल्या अंघोळीला झाली अडीच घनमीटर.

आता बाथरूम मोजा. चार फूट बाय सहा फूट, उंची नऊ फूट. झाले सहा घनमीटर. म्हणजे खिडकी-दार बंद करून पंधरा मिनिटं गीझर चालवला, तर आतल्या हवेच्या पाचातले दोन हिस्से एकट्या गीझरला हवेत. उरलेल्यात तुम्ही.

पण खरी गडबड त्याच्या बरीच आधी सुरू होते. हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के असतो. तो दोन-तीन टक्क्यांनी जरी उतरला तरी ज्योत नीट जळेनाशी होते. नीट जळाला तर गॅसचा कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ होते. अर्धवट जळाला तर कार्बन मोनॉक्साइड होतो. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपट जोराने चिकटतो. मग श्वास चालू असतो, पण रक्त रिकामंच फिरत राहतं. डोकं दुखतं, मळमळतं, पायातलं बळ जातं. दाराची कडी समोर दिसते आणि हात उचलत नाही.

आणि ‘वास आला तर कळेलच की!’ या भरवशावर राहू नका. सिलिंडरच्या गॅसला जो वास येतो तो मुद्दाम घातलेल्या मरकॅप्टन नावाच्या रसायनाचा. गळती कळावी म्हणून ते घालतात. गॅस जळला की तेही जळून जातं. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. वास येत नाही याचा अर्थ गळती नाही, एवढाच.

हे मेंदूविकारतज्ज्ञांना बऱ्याच वर्षांपासून माहीत आहे. ‘न्यूरॉलॉजी इंडिया’ या नियतकालिकात २००८ सालीच ‘गॅस गीझर सिंड्रोम’ या नावाने त्यावर लिहून आलं. अंघोळ करताना बेशुद्ध पडणाऱ्या, झटके येणाऱ्या माणसांना अपस्मार समजून गोळ्या सुरू होऊ शकतात आणि मूळ कारण मात्र बाथरूमच्या भिंतीवर लटकत राहतं, हा त्यातला मुद्दा. मुंबईकरांना मार्च २०२३ आठवत असेल. होळीच्या सुमारास घाटकोपरला एक जोडपं आपल्याच घराच्या बाथरूममध्ये मृतावस्थेत सापडलं. पोलिसांचा पहिला संशय गॅस गीझरवर होता. चार दिवस सगळीकडे चर्चा झाली. मग आपण विसरलो.

कॅनडात चालतं, मग इथे का नाही?

आता मिसिसागाच्या पांढऱ्या पाइपांकडे येऊ. भाऊ खोटं बोलत नव्हता. तिकडे अनेक घरांत गॅस फर्नेसचा धूर खरंच प्लास्टिकच्या पाइपातून बाहेर जातो. पण त्यामागचा फंडा समजून घ्यायला हवा.

जुन्या पद्धतीच्या फर्नेस गॅसमधली साधारण ८० टक्के उष्णता घराला देत. उरलेली धुराबरोबर बाहेर. तो धूर चांगलाच गरम, म्हणून त्याला धातूचा पाइप किंवा चिमणी. नव्या, ९० टक्क्यांच्या वरच्या फर्नेसमध्ये धुरातली उरलीसुरली उष्णताही काढून घेतात. इतकी, की धुरातली वाफ आतच थंड होऊन तिचं पाणी होतं. बाहेर पडणारा धूर ४०-५० अंशांवर येतो. साधं पीव्हीसी ६० अंशांपर्यंत टिकतं, म्हणून इथे ते चालतं. शिवाय ते पाणी आंबट असतं, म्हणजे आम्लयुक्त. साधा लोखंडी पाइप त्याने गंजून जाईल, प्लास्टिकला काही होत नाही. थोडक्यात, तिकडे प्लास्टिक स्वस्त म्हणून वापरत नाहीत. त्या विशिष्ट धुराला तेच योग्य आहे म्हणून वापरतात. त्यातही कॅनडात साधा बाजारातला पाणी-पाइप चालत नाही, धुरासाठी एस६३६ या मानकाखाली प्रमाणित झालेलाच लागतो.

आणि तो बसवायची शिस्त बघा. भावाच्या घरचा फर्नेस बदलला तेव्हा त्याने शेजारी उभं राहून सगळं पाहिलं होतं. पाइप अगदी काटकोनात कापायचा. गोल पाइपावर सरळ रेघ मारायची युक्ती म्हणजे कागदाची पट्टी पाइपाभोवती गुंडाळायची, दोन्ही कडा जुळल्या की पट्टीच्या काठाने खूण करायची. बारीक दाताचं पातं वापरायचं. कापल्यावर आतल्या-बाहेरच्या कडेला प्लास्टिकची जी कुसळं राहतात ती सुरीने किंवा पॉलिश पेपरने काढायची. नाही काढली तर जोडताना ती सोल्युशन खरवडून पुढे ढकलतात, आणि तिथेच फट राहते. आधी सगळं कोरडंच जुळवून बघायचं, खुणा करायच्या. मग प्रायमर, मग दोन्ही बाजूंना सोल्युशन, पाइप पूर्ण आत सारून पाव फेरा फिरवायचा आणि अर्धा मिनिट घट्ट धरून ठेवायचा. हे सोल्युशन म्हणजे गोंद नव्हे. ते प्लास्टिकचा वरचा थर विरघळवतं आणि दोन तुकडे एकजीव होतात. चुकलं तर उकलता येत नाही, कापूनच काढावं लागतं.

मग ढाळ. आडवा पाइप दर फुटाला पाव इंच फर्नेसच्या दिशेने उतरता ठेवायचा, म्हणजे आतलं पाणी परत येऊन ड्रेनमध्ये जातं. मध्ये कुठे पाइप लोंबला की तिथे पाणी साचतं आणि धुराची वाट अडते. म्हणून थोड्या थोड्या अंतरावर क्लॅम्प. बाहेरचं तोंड बर्फाच्या थराच्या निदान फूटभर वर. आणि दोन पाइपांपैकी एक धुराचा, दुसरा चक्क बाहेरची ताजी हवा आत आणायला. घरातल्या माणसांची हवा फर्नेसने घ्यायचीच नाही!

एवढं करूनही तिथले लोक पाइपवर डोळे झाकून विश्वास ठेवत नाहीत. डिसेंबर २००८ मध्ये ऑन्टॅरिओतल्या वुडस्टॉक गावात आई-वडील आणि दोन मुलं असं चौघांचं कुटुंब घरातच गेलं. गॅसवर चालणाऱ्या फायरप्लेसचा धूर बाहेर नेणारी वाट अडली होती, एवढंच कारण. घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नव्हता. नातेवाइकांनी पाठपुरावा केला आणि २०१३ मध्ये हॉकिन्स-गिन्याक हा त्या कुटुंबाच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. घरात गॅसवर चालणारं उपकरण असेल तर अलार्म लावणं ऑन्टॅरिओत सक्तीचं झालं. भावाला विचारलं, तुझ्याकडे आहे का? ‘आहे ना, बेडरूमच्या बाहेर. त्याशिवाय कसं?’ बघा, फोटो टाकताना हा भाग राहूनच गेला होता.

‘आत काय चाललंय नि किती गरम?’

शनिवारी दुपारी बहिणीने मला एका वर्कशॉपमध्ये नेलं. केमिकल कारखान्यांना डक्ट आणि स्क्रबर बनवून देणारं छोटंसं युनिट, पत्र्याची शेड. मालक पन्नाशीचे, हातावर जुने भाजल्याचे डाग. समोर पॉलिप्रॉपिलीनच्या म्हणजे ‘पीपी’च्या शीटचा माणूसभर उंचीचा गोल नळा आडवा ठेवलेला, आणि एक मुलगा गरम हवेच्या गनने त्याच्या सांध्यावर प्लास्टिकची कांडी वितळवत होता. पीपीला सोल्युशन लागत नाही, ते असं वेल्डच करावं लागतं.

काकांना दोन्ही फोटो दाखवले. रोह्याचा आणि मिसिसागाचा. त्यांनी चष्मा वर केला.

‘ताई, पाइप कापायच्या आधी आम्ही गिऱ्हाइकाला दोनच गोष्टी विचारतो. आत काय चाललंय नि किती गरम? मग मटेरियल. हे उलटं कधी करायचं नाही. घरात पाइप पडलाय म्हणून लावला, असं नाय चालत.’

मग त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडच्या वाफा, पण थंड : पीव्हीसी चालेल, साठ अंशांपर्यंत. थोड्या गरम : पीपी, ऐंशी-नव्वदपर्यंत, आणि नळा वाकू नये म्हणून बाहेरून फायबरचा, एफआरपीचा थर. अ‍ॅसिडच्या वाफांना लोखंड दिलं तर काही महिन्यांत चाळणी. त्या वाफा स्क्रबरमध्ये जातात, तिथे कॉस्टिकच्या पाण्याने धुतल्या जातात, मग बाहेर.

‘आणि बॉयलर?’ मी विचारलं.

‘बॉयलरला आग आहे. तिथं प्लास्टिकचं नावच काढू नका. चिमणी लोखंडाची. आणि ती गारही पडू द्यायची नाही, नाहीतर धुरातलं अ‍ॅसिड आतून चिमणीला लागतं.’ मग करड्या पाइपच्या फोटोवर बोट ठेवून म्हणाले, ‘गीझर म्हणजे छोटा बॉयलरच ना? धूर शंभराच्या वर. हा पाइप आधी मऊ पडणार, मग लोंबणार, मग सांधा सुटणार. तुम्हाला दिसेल का? नाय. पाइप आहे म्हणून तुम्ही निर्धास्त. पाइप नव्हता तेव्हा निदान भीती तरी होती.’

हे शेवटचं वाक्य मी वहीत दोनदा अधोरेखित केलं.

आणखी एक गोष्ट त्यांनी दाखवली. आपल्याकडच्या काही करड्या पाइपांवर ‘एसडब्ल्यूआर टाइप ए’ असा शिक्का असतो. आयएस १३५९२ या भारतीय मानकात हा प्रकार ‘व्हेंटिलेशन आणि पावसाचं पाणी’ यांसाठी आहे. हे वाचून कुणालाही वाटेल, व्हेंटिलेशनचाच पाइप आहे की, लावा गीझरला! पण इथलं व्हेंटिलेशन म्हणजे बिल्डिंगच्या मागे गच्चीपर्यंत गेलेला ड्रेनेजचा हवेचा पाइप. त्यातून थंड, कुबट हवा जाते. आगीचा धूर नव्हे. शब्द एक, काम दुसरं.

मग काकांचं काय झालं?

संध्याकाळी आम्ही घरमालक काकांकडे चहाला गेलो. माणूस चांगला होता. मुली त्रास सांगतात म्हणून स्वतःच्या पैशाने पाइप आणून ठेवणारा घरमालक मुंबईत मिळतो का, सांगा! फक्त त्यांना वाटत होतं की पाइप म्हणजे पाइप.

बहिणीने गीझरबरोबर आलेलं पुस्तिकेचं पान काढलं. हा छोटा गीझर, आपल्याकडच्या आयएस १५५५८ या मानकात ज्याला ‘मिनी’ म्हणतात तसला. त्याला धुराचा पाइप जोडायची जागाच नाही, वरच्या जाळीतून धूर सरळ खोलीत येतो. अशा गीझरला बाहेरून पत्र्याचा काय नि प्लास्टिकचा काय, कुठलाही पाइप चिकटवून उपयोग नाही. पुस्तिकेत स्पष्ट लिहिलं होतं : बाथरूमच्या बाहेर, मोकळी हवा असेल तिथे लावा.

‘पण गेली सहा वर्षं इथेच आहे, कुणाला काही झालं नाही,’ काका म्हणाले.

‘काका, आधीचे भाडेकरू खिडकी उघडी ठेवत होते,’ बहीण म्हणाली. ‘आम्ही तिघी मुली. समोर दुसरी बिल्डिंग झालीय. आम्ही काचेला कागद लावलाय आणि खिडकी घट्ट बंद ठेवतो.’

काका गप्प झाले. मग स्वतःच उठून मागच्या बाल्कनीत गेले आणि भिंत ठोकून बघायला लागले.

गीझर बाल्कनीत गेला. वाऱ्याचा झोत ज्योतीवर थेट येणार नाही आणि पाऊस लागणार नाही अशा कोपऱ्यात. आणि गंमत म्हणजे शेवटी प्लास्टिकच्या पाइपला काम मिळालंच! बाल्कनीतून बाथरूमपर्यंत गरम पाणी आणायला. अर्थात करडा पीव्हीसी नाही, तो गरम पाण्याला चालत नाही. फिकट पिवळसर रंगाचा सीपीव्हीसी, जो ९० अंशांपर्यंतचं पाणी सहन करतो. गीझरच्या तोंडाशी आधी धातूचा फ्लेक्झिबल होज, मग सीपीव्हीसी. प्लंबरने कापून झाल्यावर कुसळं न काढता सोल्युशन लावायला घेतलं, तेव्हा बहिणीने त्याच्या हातात पॉलिश पेपर ठेवला. काकांनी आणि मुलींनी खर्च निम्मा-निम्मा केला. करडा पाइप गच्चीवर पावसाच्या पाण्याला लागला. तिथे तो उत्तम आहे.

रूममेटचं गरगरणं? आठवड्याभरात थांबलं. नाश्त्याच्या आधी अंघोळ करते आता.

फ्लॅट बघायला जाताय? हे पाच बघा

१. गीझर गॅसचा आहे आणि बाथरूममध्ये आहे? मग फ्लॅट कितीही आवडला तरी ‘आधी बाहेर हलवा’ ही अट टाका. तोंडी नको, अ‍ॅग्रीमेंटच्या आधी मेसेजवर.

२. धुराच्या पाइपचा मोठा गीझर असेल तर पाइप कशाचा आहे आणि कुठे संपतो, दोन्ही बघा. कंपनीने सांगितलेला धातूचा हवा आणि त्याचं तोंड उघड्यावर हवं. डक्टमध्ये, फॉल्स सीलिंगमध्ये किंवा शेजारच्या खिडकीखाली नको.

३. एक्झॉस्ट फॅन आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. दार बंद, खाली फट नाही आणि फॅन हवा खेचतोय, अशा वेळी तो धुराच्या पाइपातून धूर उलटा आत ओढू शकतो. हवा आत यायलाही वाट लागते.

४. ज्योत बघा. निळी आणि स्थिर म्हणजे ठीक. पिवळी, लपलपणारी, डब्यावर काजळी धरणारी म्हणजे गीझर बंद करून सर्व्हिसिंग. आणि निळी असली तरी बंद खोलीत नकोच.

५. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ऑनलाइन मिळतो. ईएन ५०२९१ किंवा यूएल २०३४ असं लिहिलेला घ्या. स्वयंपाकघरातला ‘गॅस लीक डिटेक्टर’ वेगळा. तो सिलिंडरची गळती ओळखतो, हा वायू नाही.

आणि कुणी आत पडलंच तर

दार उघडा, माणसाला आधी मोकळ्या हवेत आणा, मग गॅस बंद करा. आत रेंगाळू नका, तुम्हीही पडाल. १०८ ला फोन करा. आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य हे सांगा : ‘गॅस गीझर चालू होता.’ कारण कोविडमध्ये आपण सगळ्यांनी घेतलेला तो बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे फसतो. कार्बन मोनॉक्साइडने भरलेलं रक्त त्याला ऑक्सिजनने भरल्यासारखंच दिसतं. आकडा ९८ दाखवेल आणि माणूस जात असेल. रक्ताची वेगळी तपासणी लागते आणि ती तेव्हाच होते, जेव्हा कुणीतरी गीझरचं नाव घेतं.

थंडी पडायला लागली की गरम पाण्याच्या अंघोळी लांबतात आणि खिडक्या बंद होतात. तेव्हा आज रात्री घरी गेलात की एक मिनिट बाथरूममध्ये उभे राहा आणि वर बघा. पीजीत राहत असाल तर पार्टनरलाही बघायला लावा. गावाकडे आई-बाबांनी नवीन गीझर घेतला असेल तर व्हिडिओ कॉल करून त्यांना विचारा : गीझर कुठे लावलाय, आणि धूर कुठून जातो?

उत्तर ‘कुठूनच नाही’ असं आलं, तर उद्या सकाळी पाणी शेगडीवर तापवा. प्लंबरला फोन ऑफिसला जाता जाता करा.